टिचकीचा भाव आणि सणांचे पंचांग

वृत्तपत्रात किंवा मासिकात जाहिरात देऊ इच्छिणाऱ्या व्यापाऱ्याला पूर्वीपासून एक सोय आहे. त्याच्यापुढे दरपत्रक ठेवले जाते. आतील पानाचा दर अमुक, मलपृष्ठाचा त्याहून अधिक, रंगीत छपाई हवी असल्यास आणखी अधिक, असे सारे आधीच छापलेले असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत सणाचा हंगाम आणि जाहिरातीचा हंगाम एकमेकांच्या सोबतीने चालत आले आहेत. या साऱ्या काळात जाहिरातदाराला भाव आगाऊ कळत असे. पटला तर जागा घ्यावी, न पटल्यास सोडून द्यावी. अंकाचा खप खरोखर किती, याविषयी शंका घेण्यास वाव होता. त्यासाठी १९४८ साली ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था स्थापन झाली. परंतु भावाविषयी शंका नव्हती.

समाजमाध्यमांवरील जाहिरातीला असे दरपत्रक नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम यांवर जाहिरात देणारा माणूस आपण किती रक्कम खर्च करण्यास तयार आहोत एवढेच सांगतो. त्या रकमेत त्याला काय मिळाले, ते जाहिरात चालू झाल्यावरच कळते. यामुळे घरगुती मसाले विकणाऱ्या बाईंपासून शिकवणी वर्ग चालविणाऱ्या मास्तरांपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘एका क्लिकला साधारण किती पडतात?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून इंटरनेटवर तयार कोष्टके मिळतात. त्यांत धंद्यांची नावे आणि त्यांपुढे सरासरी खर्च दिलेला असतो. प्रस्तुत प्रकरणात अशा कोष्टकांवर कितपत विसंबावे, आणि वर्षाच्या निरनिराळ्या काळात हा खर्च का चढतो व उतरतो, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. दिल्लीतील आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये ज्याचे कार्यालय आहे, तो वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग १९६१ साली स्थापन झाला. मराठीपुरते हे काम मुंबईचे भाषा संचालनालय १९६० पासून करीत आले आहे. दोन्ही संस्थांनी पारिभाषिक शब्द पुष्कळ घडविले, तरी बाजारातील माणूस आपला शब्द आपणच निवडतो. ‘क्लिक’ला मराठीत ‘टिचकी’ हा शब्द काहींनी रूढ करण्याचा प्रयत्न केला. तो आम्हांस आवडतो आणि येथे वापरला आहे, कारण त्यात त्या कृतीचा हलकेपणा आहे: बोट लागले, पुढे गेले. अडचण येते ती ‘बेंचमार्क’ या शब्दाची. त्याला ‘मानदंड’ म्हणावे तर आदर्शाची छटा येते, आणि वाचक त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची धडपड करू लागतो. मुळात हा शब्द भूमापकांचा. भारतीय सर्वेक्षण विभागाने दगडावर कोरलेल्या ज्या खुणेपासून आसपासच्या जागांची उंची मोजली जाते, तो बेंचमार्क. ती खूण जागची हलत नाही, म्हणूनच तिचा उपयोग. जाहिरातीच्या दराची खूण मात्र रोज हलते. यास्तव आम्ही ‘तुलनादर’ असा साधा शब्द योजला आहे.

लिलाव कसा चालतो

टिचकीचा भाव ठरतो तो लिलावात. लिलावाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे राहतात, व्यापारी एकेका गाडीपाशी येऊन बोली लावतात आणि थोड्याच वेळात सौदा तुटतो. समाजमाध्यमांवर हेच घडते, परंतु तेथे विकला जाणारा माल म्हणजे माणसाचे क्षणभराचे लक्ष होय. पुण्यातील एखादी व्यक्ती फोन उघडून पडदा सरकवते, त्यात जाहिरातीची जागा येते, आणि ती जागा त्या एका व्यक्तीपुरती, त्या एका क्षणापुरती लिलावात निघते. तिच्यासाठी सराफ, विमा कंपनी, साड्यांचे दुकान आणि शिकवणी वर्ग हे सारे एकाच वेळी बोली लावीत असतात. बोली अर्थात त्यांच्या वतीने यंत्र लावते.

टिचकीमागे पैसे घेण्याची रीत प्रथम शोधयंत्रांवर रुळली. बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या अमेरिकन कंपनीने १९९८ साली ती आणली. गूगलने २००० साली ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले व २००२ मध्ये टिचकीच्या लिलावाची पद्धत स्वीकारली. फेसबुकने २००७ च्या नोव्हेंबरात आपली जाहिरात योजना जाहीर केली. या लिलावांमागील तात्त्विक विचार त्याहून बराच जुना आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली असे दाखविले होते की, बोली जिंकणाऱ्याकडून त्याची स्वतःची बोली न घेता दुसऱ्या क्रमांकाची बोली घेतली, तर प्रत्येकजण आपल्या मनातील खरी किंमत सांगण्यास तयार होतो. विक्री यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. फेसबुकचा लिलाव हा त्यांच्याच विचाराचा विस्तार आहे.

कांद्याच्या लिलावाशी असलेले साम्य येथे संपते. लासलगावला सर्वांत मोठी बोली जिंकते. समाजमाध्यमांवर बोलीला एका अंदाजाने गुणले जाते: ही जाहिरात पाहून ही व्यक्ती अपेक्षित कृती करण्याचा संभव किती? त्यात जाहिरातीच्या दर्जाचे गुण मिळविले जातात आणि मग बेरीज ज्याची मोठी त्याला जागा मिळते. लोकांना रुचणारी जाहिरात कमी बोलीतही जिंकू शकते. कंटाळवाण्या जाहिरातीला तीच जागा महाग पडते.

आणखी एक गोष्ट नवशिक्याच्या लक्षात येत नाही. पुष्कळ वेळा माध्यम पैसे घेते ते जाहिरात दाखविण्याचे. टिचकीचा भाव हा मागाहून काढलेला भागाकार असतो. समजा, जाहिरात हजार वेळा दाखविण्यास १०० रुपये पडले आणि शेकडा एकाने टिचकी मारली. टिचक्या दहा झाल्या, प्रत्येकी १० रुपये. तोच हजाराचा दर कायम राहून दोनशेंतून एकानेच टिचकी मारली, तर भाव २० रुपये. बाजार तसूभर हलला नाही, तरी भाव दुप्पट झाला. म्हणून ‘फेसबुक महाग झाले’ अशी तक्रार करण्यापूर्वी या दोहोंपैकी काय बदलले ते पाहावे.

कोष्टकातील सरासरी

आता कोष्टकांकडे वळू. सर्वांत अधिक वेळा उद्धृत झालेल्या आकड्यांपैकी एक असा की, फेसबुकवर एका टिचकीला सरासरी १.७२ डॉलर पडतात. त्याच कोष्टकात वित्त व विमा या धंद्याचा दर ३.७७ डॉलर आणि कपड्यांचा ०.४५ डॉलर दिलेला आहे. हे आकडे ‘वर्डस्ट्रीम’ या अमेरिकन कंपनीचे. त्यांत खोटे काही नाही. परंतु ते तिच्या २५६ अमेरिकी ग्राहकांच्या खात्यांवरून, आणि नोव्हेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या तीन महिन्यांपुरते काढलेले होते. म्हणजे थँक्सगिव्हिंग, ब्लॅक फ्रायडे, नाताळ हा अमेरिकेतील खरेदीचा ऐन हंगाम त्यात आला. डॉलरला रुपयाच्या दराने गुणून हा आकडा कोल्हापूरच्या चप्पल विक्रेत्यापुढे ठेवणे म्हणजे तेथील डिसेंबरातला भाव येथील आषाढाला लावणे होय. एकाच कोष्टकात कपडे आणि विमा यांत आठपटींहून अधिक अंतर असताना त्या सर्वांची एक सरासरी काढून काय साधते, हाही प्रश्न उरतोच.

मोजमापाचा घोळ वेगळा. टिचकी कशास म्हणावे, याची व्याख्या बदलत आली आहे. २०१५ पूर्वी फेसबुकच्या टिचकीच्या दरात पसंती, शेरा, पुढे पाठविणे हे सारे धरले जाई. त्या वर्षीच्या जुलैत केवळ संकेतस्थळाकडे वा अ‍ॅपकडे नेणाऱ्या टिचक्या धरण्याचे ठरले. आजही अहवालात ‘सर्व टिचक्या’ आणि ‘दुव्यावरील टिचक्या’ असे दोन स्वतंत्र रकाने असतात. छायाचित्र मोठे करून पाहणारा पहिल्या रकान्यात येतो, दुसऱ्यात येत नाही. त्यामुळे पहिल्या रकान्यावरून काढलेला भाव नेहमीच स्वस्त दिसतो. एखादी जाहिरात संस्था ‘आम्ही तुम्हांला दोन रुपयांत क्लिक आणून देतो’ असे म्हणते, तेव्हा तो कोणत्या रकान्यातील आकडा आहे ते विचारण्यास संकोच वाटू नये.

बाजार किती हलतो याची कल्पना फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांवरून येते. हे आकडे टिचकीचे नसून दर जाहिरातीमागील सरासरी किमतीचे आणि साऱ्या जगाचे आहेत. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत, महामारीमुळे दुकाने बंद आणि माणसे घरी असताना, दाखविलेल्या जाहिरातींची संख्या आदल्या वर्षाहून ४० टक्क्यांनी वाढली व किंमत २१ टक्क्यांनी घसरली. पुढच्याच वर्षी त्याच तिमाहीत किंमत ४७ टक्क्यांनी चढली. २०२२ मध्ये ती पुन्हा १६ टक्क्यांनी आणि २०२३ मध्ये आणखी ९ टक्क्यांनी उतरली. २०२४ मध्ये १० टक्क्यांनी वाढली. पाच वर्षांपूर्वीचे कोष्टक कितीही काळजीपूर्वक केलेले असले तरी आज ते इतिहासाच्या साधनांत जमा करावे, हे उत्तम.

हंगाम कोणाचा?

मेटाचे उत्पन्न दर वर्षी शेवटच्या तिमाहीत सर्वांत अधिक असते आणि जानेवारीत उतरते. २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत ते ४०.११ अब्ज डॉलर होते, २०२४ च्या पहिल्या तिमाहीत ३६.४६ अब्ज. पाश्चात्त्य पुस्तकांत हाच उतार ‘हंगामी कल’ म्हणून शिकविला जातो: ऑक्टोबरपासून चढण, नोव्हेंबरअखेर शिखर, जानेवारीत स्वस्ताई. अमेरिकेपुरते हे बरोबर आहे. नाताळ तारखेने येतो, थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी. त्यामुळे गेल्या वर्षीचा नोव्हेंबर या वर्षीच्या नोव्हेंबराशी ताडून पाहता येतो.

आपले सण तिथीने येतात, आणि सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिकमास मध्ये पडून ते सारे जवळजवळ तीन आठवडे पुढे ढकलले जातात. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला व लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. दसरा २४ ऑक्टोबरवर गेला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरवर. एखाद्या साडी विक्रेत्याने ‘ऑक्टोबर २०२२’ आणि ‘ऑक्टोबर २०२३’ हे दोन रकाने शेजारी मांडले, तर पहिल्यात महिन्याच्या आरंभी नवरात्राचा शेवट व दसरा आहे, आणि दुसऱ्यात १४ तारखेपर्यंत पितृपक्ष आहे. विक्री घटली, टिचकी वाया गेली, जाहिरात बिघडली, असे निष्कर्ष तो काढील आणि चालती जाहिरात बंद करील. बिघडले काहीच नव्हते. तिथी सरकली होती.

पितृपक्षात नवी खरेदी टाळण्याची प्रथा असल्याने त्या पंधरवड्यात भाव स्वस्त असतील, असा तर्क कोणी करील. पूर्वी तो बराचसा खरा ठरला असता. परंतु फ्लिपकार्टची ‘बिग बिलियन डेज’ आणि अ‍ॅमेझॉनची ‘ग्रेट इंडियन फेस्टिव्हल’ ही विक्री २०२३ मध्ये ८ ऑक्टोबरला सर्वांसाठी खुली झाली आणि २०२४ मध्ये २७ सप्टेंबरला. दोन्ही वेळा पितृपक्ष चालू होता. २०२५ मध्ये मात्र दोन्ही कंपन्यांनी २३ सप्टेंबर हा दिवस धरला. घटस्थापना आदल्या दिवशी होती, आणि वस्तू व सेवा कराचे नवे दरही त्याच आदल्या दिवसापासून लागू झाले होते. अशा प्रचंड खरेदीदाराने लिलावात पाऊल टाकले की त्या आठवड्यात लहानांच्या बोलीचे काय होत असेल, ते सांगण्याची गरज नाही. लहान विक्रेत्याने पंचांगाबरोबर या कंपन्यांच्या तारखाही भिंतीवर लावून ठेवाव्यात.

निवडणुका हा आणखी एक हंगाम, जो कोणत्याही पंचांगात नसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात रत्नागिरी व देवगडच्या हापूस बागायतदारांपैकी जे समाजमाध्यमांवरून थेट पेट्या विकत होते, त्यांचा काळ लोकसभा निवडणुकीच्या प्रचाराशी बरोबर जुळून आला. गुढीपाडवा ९ एप्रिलला, महाराष्ट्रातील मतदानाचे टप्पे १९ एप्रिल ते २० मे, कोकणात मतदान ७ मे, अक्षय्य तृतीया १० मे. आंबा थांबत नाही. पिकला की विकावाच लागतो. मुंबईतील एकाच वाचकाच्या पडद्यासाठी बागायतदार आणि राजकीय पक्ष शेजारी उभे राहून बोली लावीत होते, आणि दोघांच्या थैलीची तुलना करण्यात अर्थ नाही. राजकीय जाहिरातींवरील खर्च मेटाच्या जाहिरात संग्रहात २०१९ पासून भारतासाठीही पाहता येतो. पुढील निवडणुकीआधी तो चाळून पाहणे आंबा विक्रेत्याच्याही हिताचे आहे. दिल्लीत विधानसभेसाठी २०२० मध्ये ८ फेब्रुवारीला व २०२५ मध्ये ५ फेब्रुवारीला मतदान झाले. ‘जानेवारी स्वस्त’ हा परदेशी नियम आर. के. पुरमसारख्या मतदारसंघात त्या दोन्ही वर्षी डोळे मिटून पाळण्याजोगा नव्हता.

आर. के. पुरममधील एक काल्पनिक हिशेब

या वसाहतीचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. येथे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे राहत आली, त्यांत मराठीही. समजा, अशा एका घरातील गृहिणी दिवाळीत चकली, अनारसे, करंज्या व चिवडा यांचा डबा १,२०० रुपयांना विकतात. सामान, गॅस आणि मदतनिसाची मजुरी वजा जाता त्यांना एका डब्यामागे ३०० रुपये सुटतात. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी जाहिरात लावून पाहिली. टिचकी १० रुपयांना पडली. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ११ रुपये ८० पैसे. करासाठी नोंदणी नसल्याने त्यांना तो परत मिळत नाही. शंभर टिचक्यांना १,१८० रुपये लागले आणि मागणी आली दोन डब्यांची. एका डब्यामागे जाहिरातीला ५९० रुपये गेले. २९० रुपये पदरचे घालावे लागले. कोष्टक मात्र म्हणेल की भाव उत्तम आहे.

त्यांनी हीच जाहिरात आश्विनात, वसुबारसेच्या दहा दिवस आधी लावली. टिचकी २० रुपये, करासह २३ रुपये ६० पैसे. शंभर टिचक्यांना २,३६० रुपये. परंतु आता जो टिचकी मारतो त्याला फराळ खरोखरच हवा आहे. दहा डब्यांची मागणी आली. डब्यामागे २३६ रुपये खर्च, ६४ रुपये शिल्लक. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, परंतु हिशेबाची रीत हीच. दुप्पट महाग टिचकीने तोटा मिटविला. उलट सराफाच्या बाबतीत, जेथे दसरा-धनत्रयोदशीला प्रत्येक प्रतिस्पर्धी मैदानात असतो, भाव इतका चढू शकतो की वाढलेली मागणीही तो भरून काढू शकत नाही. तेथे भाद्रपदातच ओळख करून घेऊन ठेवणे आणि ऐन सणात जुन्या गिऱ्हाइकांनाच आठवण देणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

या बाईंनी ‘दिल्लीत राहणारे मराठी भाषक’ एवढाच प्रेक्षक निवडला, तर तो इतका लहान होतो की तीच माणसे पुनःपुन्हा तीच जाहिरात पाहून कंटाळतात आणि भाव चढतो. प्रेक्षक वाढवून हिंदी भाषक शेजाऱ्यांनाही घ्यावे, तर पंचांगाचा नवा प्रश्न येतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून २०२५ मध्ये दिल्लीचा ‘सावन’ ११ जुलैला लागला आणि मराठी श्रावण २५ जुलैला. उपवासाच्या पदार्थांची जाहिरात या दोन समूहांना पंधरा दिवसांच्या अंतराने दाखवावी लागेल. दिवाळीच्या तिथी दोन्हीकडे एकच, तरीही २०२५ मध्ये दिल्लीने ती २० ऑक्टोबरला साजरी केली आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ला झाले. फराळाच्या डब्याला एक दिवसाचा उशीर म्हणजे परत आलेला डबा.

याकरिता वहीची आखणीच निराळी करावी असे आम्ही सुचवितो. डाव्या रकान्यात तारीख, तिच्याशेजारी तिथी. पुढे हजार दर्शनांचा खर्च, दुव्यावरील टिचक्या, त्यांचा करासह भाव, आलेल्या मागण्या आणि दर मागणीमागे झालेला खर्च. निवडणूक किंवा मोठ्या कंपन्यांची विक्री चालू असल्यास तशी नोंद शेवटी. दोन दिवाळ्या अशा लिहून झाल्या की विक्रेत्याजवळ त्याच्या मालाचा, त्याच्या गिऱ्हाइकांचा तुलनादर तयार होतो, आणि परक्या सरासरीची गरज फारशी उरत नाही. ताडून पाहताना तारखेशी तारीख न जुळविता तिथीशी तिथी जुळवावी. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ येत असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ च्या ऑक्टोबरातील पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी २०२६ च्या वहीत १९ ऑक्टोबरच्या सुमारापासून पुढील पानांसमोर ठेवाव्या लागतील.